शंभरातले चौदा

एकाच खेपेतली बियाण्याची तीस पोती घेऊन शेठ संस्थेच्या दारात आला, तेव्हा ताईच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. संस्थेचा कारभार बघणारी ही सगळ्यांची ताई बावीस वर्षं याच दिवसाची वाट बघत होती.

बावीस वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी शेठच्या दुकानातलं बी पेरलं आणि रान काळंच राहिलं, एक कोंब फुटला नाही. जाब विचारायला गेले, तर शेठने भर दुकानात काखा वर केल्या. "बी चांगलंच आहे हो. तुमच्या हाताला गुण नाही, त्याला मी काय करू?" दुकानातली माणसं खो खो हसली. गावानेही तेच धरून ठेवलं. तेव्हापासून बाबांनी स्वतःच्या रानातसुद्धा पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडलं नाही. गडी पेरायचा आणि बाबा बांधावर बसून बघायचे.

त्याच वर्षी ताईने अकरा घरं गोळा करून गोठ्यात बियाणं विकायची संस्था काढली. शेतकऱ्यांची, शेतकऱ्यांसाठी वगैरे भाषण तिला जमत नव्हतं. तिने एकच नियम घातला. पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चार दिवसांनी उगवलेले मोजायचे आणि तो आकडा पोत्यावर रंगवायचा. ऐंशीच्या खाली आला की माल परत. लोक आधी हसले, मग रांगा लावू लागले. आता चार गोदामं होती, दोन ट्रक होते, सातशे सभासद होते. शेठच्या दुकानात मात्र माशीही फिरकत नव्हती. म्हणून तर उरलेला माल घेऊन तो आला होता.

"गोणपाट कशाला? पोत्यावर सगळं छापलंय की," शेठ म्हणाला. जन्मभर बी विकलं, पण कोंब कसा फुटतो ते त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"नियम सगळ्यांना सारखा, शेठ. दाणे तुम्हीच मोजा, पाणी तुम्हीच घाला. गोणपाट पेटीत ठेवू, तिची किल्लीही तुमच्याकडेच ठेवा. मागाहून आमच्या नावाने खडे नकोत."

शेठ रोज सकाळी तांब्या घेऊन येत राहिला. चौथ्या दिवशी ताईने बाबांना मुद्दाम आणून समोरच्या बाकावर बसवलं. गोदामात पन्नासेक माणसं जमली होती. बी चांगलं निघालं, तर तिलाच पोत्यावर नव्वद रंगवावं लागणार होतं आणि बाबांच्या हाताला लागलेला डाग कायमचा राहणार होता.

शेठने गोणपाट उलगडलं. मोजता मोजता त्याचा आवाज खाली गेला.

"मोठ्याने," ताई म्हणाली.

"चौदा."

"पुन्हा सांगा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"चौदा!" शेठ ओरडला. "पाणी कमी पडलं असेल. बी चांगलंच आहे हो."

"पाणी तुम्हीच घातलंत ना? मग तुमच्या हाताला गुण नसेल, शेठ."

गोदाम हसून हसून दणाणलं. ताईने कुणालाही थांबवलं नाही. लाल रंगाचा डबा घेऊन तिने तीसच्या तीस पोत्यांवर वीतभर उंचीचे आकडे रंगवले. शेठने झाकायला ताडपत्री मागितली, तीही दिली नाही. भर बाजारातून गाडी तशीच गेली.

घराच्या दाराशी आल्यावर बाबा म्हणाले, "उद्या गड्याला येऊ नको म्हणून सांग."

"का? उद्या तर पेरणी आहे."

"म्हणूनच. चाड्यावर मूठ मी धरणार आहे."