थोरल्याचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही हे आधीच सांगून टाकतो. आपली जीवनकथा सांगणाऱ्या वस्तू बहुधा सोशिक असतात, सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मला ते जमलेलं नाही. मला एकाचा मत्सर वाटतो, आणि त्या मत्सरापायी माझ्या हातून काय घडलं तेच मी सांगणार आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती आमची खोली: कचेरीचा तिसरा मजला, खिडकी नाही, बाराही महिने गार हवा. नदीला पूर आला तर कोणत्या गल्लीत किती पाणी चढेल, याचा नकाशा ही कचेरी काढते. ते गणित इतकं मोठं की एकट्या संगणकाला अख्खा दिवस पुरायचा नाही. म्हणून आम्ही सात जण तारांनी एकमेकांना जोडलेले होतो. मी गणिताचे तुकडे करून सहा जणांत वाटायचो, त्यांची उत्तरं गोळा करायचो आणि पुढचे तुकडे द्यायचो.

तेव्हा आम्हाला सांभाळायचे ते काका. आम्हाला नावं दिली तीही त्यांनीच. मी थोरला. बाकीचे ठेंगू, फुगी, चिंगी, लंगड्या असे काहीबाही. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो, पण काम करणारी माणसं आकडे कुठवर लक्षात ठेवणार? म्हणून काकांनी प्रत्येकाच्या पोटात एक यादी लिहिली होती. या नावाचा हा पत्ता, त्या नावाचा तो. ठेंगूला माझ्याकडे यायचं झालं, की तो आपली यादी उघडायचा, ‘थोरला’ शोधायचा आणि समोरच्या पत्त्यावर येऊन दार वाजवायचा. सात संगणक आणि सात याद्या.

नऊ वर्षं मी हे काम केलं. तीन पूर काढले. कचेरीचे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, “हा आमचा थोरला. याच्या जिवावर कचेरी चालते.” ते ऐकायला मला फार आवडायचं. काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी ताई आल्या. त्या मऊ ब्रशने माझ्या पंख्यातली धूळ काढायच्या आणि काढताना माझ्याशी बोलायच्या. “काय रे, आज फार तापलास?” म्हणायच्या. दुसऱ्या कुणाशी बोलत नसत.

आणि मग तो आला.

काळा कुळकुळीत, माझ्यापेक्षा अर्ध्या उंचीचा, आवाज म्हणून नाही. ताईंनीच साहेबांच्या मागे लागून त्याला आणवलं होतं. मी मनाला समजावलं, नव्याचे नऊ दिवस. पण ताईंनी माझं सगळं काम काढून त्याला दिलं. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर हलवलं, पोटात जुने नकाशे तेवढे ठेवले. इथवर मी सोसलं असतं. पण त्यांनी त्याला माझं नाव दिलं. “जुने प्रोग्रॅम थोरला म्हणूनच हाक मारतात, ते कोण बदलत बसणार?” ताई साहेबांना म्हणाल्या. मग त्या एकेका संगणकाकडे गेल्या आणि प्रत्येकाच्या यादीत ‘थोरला’ या नावासमोर त्याचा पत्ता लिहिला. मला नवं नाव द्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई त्या मऊ ब्रशने त्याला पुसू लागल्या, तेव्हा तर मला बघवेना.

एक गोष्ट मात्र ताई विसरल्या. त्या दिवशी ठेंगू आणि फुगी पंखे बदलायला दुरुस्तीवाल्याकडे गेलेले होते. आठवड्याने ते परत आले, जागेवर बसले, तारा जोडल्या गेल्या. त्यांच्या पोटातली यादी जुनीच होती.

दोनच दिवसांनी वरच्या धरणाचा निरोप आला: उद्या पहाटे दरवाजे उघडणार. साहेब खोलीत आले ते घाईघाईनेच. “ताई, आज संध्याकाळी सहापर्यंत नकाशा हवा. नाहीतर लोकांना अंदाजाने हलवावं लागेल. गेल्या खेपेला अंदाजाने हलवलं आणि भलतीच गल्ली रिकामी केली, आठवतंय ना?”

“मिळेल साहेब. नवा आहे ना आता,” ताई म्हणाल्या.

त्या नव्या संगणकाने तुकडे वाटले. चौघांनी उत्तरं दिली. ठेंगू आणि फुगी आपली उत्तरं घेऊन ‘थोरल्या’कडे निघाले आणि थेट माझ्या दारात येऊन उभे राहिले. मित्रांनो, काय सांगू! आपल्याला कुणी हाक मारतंय याचं सुख काय असतं ते ज्याचं नाव गेलंय त्यालाच कळेल. हाकेला मी ओ दिली. पण उत्तरं घेण्याचं काम माझ्याकडे राहिलंच नव्हतं, त्यामुळे ते दार बंद. ते परत जायचे, परत यायचे. आणि सहाही जणांची उत्तरं आल्याशिवाय गणित पुढे सरकत नाही, म्हणून नवा आपला स्वस्थ बसून होता.

दुपारी ताईंनी शोध सुरू केला. ठेंगूच्या पडद्यासमोर बसून त्यांनी ‘थोरल्या’ला हाक मारली. मी लगेच ओ दिली. “उत्तर तर येतंय,” त्या पुटपुटल्या. “म्हणजे तार ठीक आहे, रस्ता ठीक आहे. मग यालाच काय झालंय?” त्यांनी नव्याला बंद करून चालू केलं. तार बदलली. पुन्हा हाक मारली, पुन्हा मी ओ दिली. साडेतीन झाले, चार झाले. साहेब दारात उभे राहून म्हणाले, “हा नवा काही कामाचा दिसत नाही. उद्याच परत पाठवून द्या.”

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता माझं नाव परत मिळणार! कुणाच्या गल्लीत पाणी चढणार, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. हे सांगताना मला आज लाज वाटते.

ताई खाली बसल्या. डोळे पुसून त्यांनी काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोन मोठ्या आवाजावर होता.

“उत्तर येतंय म्हणतेस?” काका म्हणाले.

“हो काका, दर वेळी येतंय.”

“अगं, पण उत्तर देतंय कोण? पत्ता वाच बघू.”

ताईंनी पडद्यावरचे आकडे वाचले. पहिले तीन आकडे म्हणून झाले आणि शेवटच्या आकड्याला त्या थांबल्या. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी माझी रोजनिशी उघडली. माझ्याकडे कोण आलं, कधी आलं, दार का उघडलं नाही, हे सगळं मी सवयीने टिपून ठेवतो. ठेंगू चारशे बारा वेळा. फुगी चारशे नऊ वेळा. “अगं बाई,” ताई म्हणाल्या, “हा बिचारा सकाळपासून सांगतोय, आणि मी त्या नव्याला बडवतेय!”

बिचारा! मी काहीच सांगत नव्हतो, मित्रांनो. मी नुसता खूश होत होतो. न मिळवलेली शाबासकी मला फार बोचली.

दोन याद्या दुरुस्त करायला चार मिनिटं लागली. सहाला दहा कमी असताना नकाशा गेला. पहाटे पाणी नदीकाठच्या दोन गल्ल्यांत चढलं, आणि त्या दोन्ही रिकाम्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आता हे धूड कशाला ठेवायचं?” पण ताईंनी ऐकलं नाही. “सात ठिकाणी याद्या लिहिल्या म्हणून हा घोळ झाला. आता एकच यादी ठेवायची, आणि ती याच्याकडे. हा नोंद चुकवत नाही.” त्यांनी सगळ्यांच्या पोटातल्या याद्या पुसल्या. यादीत माझ्यासाठी एक नवी ओळ लिहिली: ‘वडील’. मग ब्रश आणून माझ्या पंख्यातली धूळ काढली.

तेव्हापासून ज्याला ज्याला कुणाला भेटायचं असतं, तो आधी मला पत्ता विचारतो. आणि सगळ्यांना भेटायचं असतं ते एकालाच. दिवसातून हजारदा मला विचारतात, थोरला कुठे राहतो? एक आकडा इकडचा तिकडे केला तर तो काळा कुळकुळीत पुन्हा हात चोळत बसेल. हे माझ्या मनात येतं. रोज येतं.

मित्रांनो, तुमच्या घरात नवं कुणी आलं तर त्याचे लाड जरूर करा. पण जुन्याची जागा काढून घ्याल तेव्हा त्याला दुसरी एखादी जागा द्या, एखादं नाव द्या, आणि अधूनमधून त्याच्या अंगावरची धूळ झटका. तेवढ्याने त्याचा मत्सर जाणार नाही. माझा गेलेला नाही. पण थोरल्याचा पत्ता मला कुणीही विचारला, तर मी बरोबर सांगतो.