परीक्षेच्या दिवशीचा ताप

माझ्या भामाला वाचायला वेळ लागतो. ओळीखाली बोट ठेवून ती अक्षराअक्षराला थांबते, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तिसरीत आहे. म्हणून सगळ्या शाळांची एकच परीक्षा होणार, तिसरीच्या मुलांना काय येतं ते तपासणार, हे कळल्यावर मला खरं तर बरंच वाटलं. कुणीतरी बघेल. महिनाभर, धाकटा झोपला की कुकर होईपर्यंत, आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून उत्तराचे गोल काळे करायला शिकलो. रेघ गोलाबाहेर गेली की ती स्वतःलाच रागवायची, "हौली कहीं की!" वेडी कुठली, अशी ऑटोतल्या मुलांकडून शिकलेली इथली दखनी शिवी.

आदल्या दुपारी तिच्या ज्योती मॅडमचा फोन आला.

"बुरा नक्को मानो मॅडम. कल भामा को नक्को भेजो. बुखार है बोलके चिट्ठी लिख देव, बस."

तिला काय येत नाही तेच कळायला हवं ना, मी विचारलं.

"मालूम है मॅडम. लेकिन ऊपरवाले पूरे क्लास का अ‍ॅव्हरेज देखते. मेरी भी नौकरी है."

संध्याकाळी माझा नवरा विनय म्हणाला, "एका दिवसाचं आहे गं. अजून सात वर्षं त्याच शाळेत काढायचीत."

मी चिठ्ठी लिहिली. चांगल्या अक्षरात.

सकाळी भामा युनिफॉर्म घालून उभी, दोन पेन्सिली टोक काढून तयार.

"आज जायचं नाही राणी. ताप आहे तुला."

तिनं स्वतःचं कपाळ चाचपलं. मग माझा हात ओढून त्यावर ठेवला. "तू बघ ना नीट."

कपाळ गार होतं, खोबरेल तेलानं जरासं चिकट.

"आहे थोडा," मी म्हटलं.

माझ्यावर विश्वास ठेवून ती गुपचूप पांघरूण घेऊन पडली. मऊ भातसुद्धा मागितला. अकराच्या सुमाराला छताकडे बघत म्हणाली, "आता पेपर वाटला असेल."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली. बूट काढता काढता म्हणाली, "आई, काल संदेशला पण ताप होता. प्रियदर्शिनीला पण. आम्ही सात जण."

"साथ असेल."

"आमच्याच, हळू वाचणाऱ्यांच्या रांगेत?"

मी धाकट्याचं तोंड पुसत राहिले. ते स्वच्छच होतं.

"हर्षवर्धनला तर खरा ताप होता. वर्गात उलटी केली त्यानं. पण मॅडमनी त्याला गोळी देऊन पेपरला बसवलं. पहिला येतो ना तो."

ती रडली नाही. रडली असती तर मला जवळ घेता आलं असतं.

"चल," मी म्हटलं, "धडा वाचू या."

"आता कशाला? परीक्षा तर झाली," ती म्हणाली, आणि धाकट्याला कडेवर घेऊन गॅलरीत गेली.