नजरमास्तरांची टेप

"मास्तर, बाही दंडात शिरतच नाही हो," म्हणत एका गिऱ्हाईक बाईनं ब्लाउज टेबलावर ठेवला. अण्णांनी तो डोळ्यांच्या इतका जवळ नेला की मला वाटलं, वास घेताहेत. परत आलेला हा काही पहिलाच कपडा नव्हता. "उसवून देतो, उद्या न्या," एवढंच ते म्हणाले.

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, सगळा बाजार नजरमास्तर म्हणतो. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेपला हात न लावता अण्णा छाती, कंबर, खांदा घडाघडा सांगायचे. कपडा असा बसायचा की माणूस आरशासमोरून हलायचं नाव घ्यायचा नाही. या कौतुकावर अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांनी दुसरी कसली चैन केल्याचं मला आठवत नाही.

ही विद्या आली कुठून, ते मात्र कुणी विचारलं नाही. आमची जात अशी की आमचा नुसता हात लागला तरी लोकांना विटाळ व्हायचा. आजोबा शिवायचे तेव्हा गिऱ्हाईक ओट्यावर आणि आजोबा खाली अंगणात. कापड वरून टाकायचे. शिवलेला कपडा पाणी शिंपडून घरात न्यायचे. अंगाला हात लावायची सोय नाही, मग माप घेणार कसं? नजरेनं. लहानपणी अण्णा एकदा हौसेनं टेप घेऊन ओट्यावर चढले, तेव्हा आजोबांनीच त्यांना सगळ्यांदेखत बडवून काढलं. दुसऱ्या कुणी बडवायच्या आत.

आता अण्णांच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब झाला होता. भिंगाखाली टीप दिसायची, पण दारातला माणूस धूसर. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"अण्णा, टेप वापरा," मी म्हटलं.

"टेपनं काय, कुणीही शिवतं."

"शिवू दे. दुकान बंद पडलं तर घरी बसून माझं डोकं खाल."

"असतं तर खाल्लं असतं," ते म्हणाले. मग हळूच, "आणि कुणी काही बोललं तर?"

"आता कोण बोलतंय? ते दिवस गेले, अण्णा."

हे मी अगदी ठासून सांगितलं. मी दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर अनोळखी माणसांच्या अंगाला हात लावते आणि माझी जात कुणी विचारत नाही. निदान ताप उतरेपर्यंत तरी नाही.

मग अण्णांनी टेप घेतली. कोरी, पिवळी. ती गळ्यात घालून ते दुकानात असे बसले, जणू नवीन नोकरीचा पहिला दिवस. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. माझी सुट्टी होती म्हणून मीही काजं करत बसले.

दुपारी मोठ्या बाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता घरीच असतात. अण्णांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बोलायला गोड, मी नर्सिंगला गेले तेव्हा आपणहून पुस्तकं दिली होती. "तुमच्यासारखी नजर कुणाची नाही हो मास्तर," हे वाक्य त्यांनी दर खेपेला म्हणायचं आणि अण्णांनी मान खाली घालायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या नेहमीप्रमाणे दारातच थांबल्या. नातीच्या लग्नात घालायला स्वतःसाठी ब्लाउज शिवायचा होता.

अण्णा उठले. "बाई, आज माप घेतो जरा. डोळ्यांनी दगा दिलाय," म्हणत टेप उलगडत पुढे झाले.

मोठ्या बाई मागे सरकल्या. उंबरठ्यावरून थेट रस्त्यावर. हातातली पिशवी त्यांनी छातीशी धरली. चेहऱ्यावरचं हसू मात्र होतं तसंच होतं.

"अहो, राहू दे मास्तर. टेप कशाला? जुना ब्लाउज पाठवते, त्यावरून शिवा."

"एक मिनिट लागेल, बाई. हवं तर ही पोरगी घेईल माप."

"नको, नको. कशाला उगाच!" त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून, "बरी आहेस ना गं?" असंही विचारलं आणि गेल्या.

माझं डोकं फिरलं. "अण्णा, पुढच्या वेळी सरळ सांगा, दुसरीकडे शिवा म्हणून!"

अण्णा स्टुलावर बसले. "मला वाटायचं," ते म्हणाले, "बाई माझी नजर बघून येतात."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात एक तरुण घाईघाईनं आत शिरला. बाजारात नवीन असावा. कापड टेबलावर टाकून म्हणाला, "काका, शर्ट शिवायचाय. सोमवारी मुलाखत आहे. घ्या माप." आणि अण्णांच्या अगदी पुढ्यात येऊन त्यानं दोन्ही हात पसरले.

अण्णा उठले. टेप त्यांच्या मुठीत होती. हात लांबवला असता तरी त्याच्या खांद्याला लागला असता. घ्या हो अण्णा, घ्या, मी मनात म्हणत होते.

अण्णा मागे सरकले. सरकत सरकत पाठ रिळांच्या फळीला टेकेपर्यंत गेले.

"दारात उभे राहा जरा," ते म्हणाले.

"दारात? अहो काका, टेप आहे ना हातात?"

"दारातूनच बरं दिसतं मला."

तो बिचारा गोंधळून मागे गेला. अण्णांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. कितीतरी वेळ ते बघत राहिले.

"छाती अडतीस," अण्णा म्हणाले.

मुलगा काडीसारखा होता; चौतीसही भरली नसती. मी सुई परत काजात घातली. दारात तो अजून हात पसरून उभा होता.