उकळत्या पाण्याचं उत्तर

चिंगीची आई घरातच कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवायचे, आई त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची आणि त्या साच्यावर दात बसवायची. पुढच्या खोलीतल्या फळीवर कायम आठ-दहा जबडे आ वासून बसलेले. प्लास्टर कालवायचं काम चिंगीकडे होतं, ती दहा वर्षांची असल्यापासून.

रसायनशास्त्र शिकायला तिने जिथे अर्ज केला, त्या विद्यापीठात शंभरातल्या जेमतेम चौघांना प्रवेश मिळायचा. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मामा म्हणाला, "अर्धा गड सर झाला!" मामा शाळेत कारकून. अर्जांबिर्जांतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्याचं ठाम मत.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. समोर दोघं होते, बारीक केस कापलेल्या एक बाई आणि एक वयस्कर प्राध्यापक. पहिली वीस मिनिटं झकास गेली. मग बाईंनी अर्ज चाळत विचारलं, "प्लास्टर कालवतेस असं लिहिलंयस. घाई असेल तेव्हा काय करतेस?"

"कोमट पाणी घेते. लवकर घट्ट होतं."

"आणि उकळतं घेतलं तर?"

"आणखी लवकर," चिंगी ताडकन म्हणाली.

"खात्री आहे?"

"हो."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "ठीक आहे. धन्यवाद."

ते 'ठीक आहे' तिला खटकलं. लॅपटॉप मिटून ती स्वयंपाकघरात गेली, पाणी उकळलं, रबरी वाटीत प्लास्टरवर ओतलं आणि ढवळून घड्याळ लावलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वाटीतला लगदा तो लगदाच.

आई येऊन डोकावली. "उकळतं घातलंस? अगं, त्याने प्लास्टर रुसतं."

"तुला माहीत होतं?"

"वीस वर्षं झाली. का रुसतं ते मात्र मला विचारू नकोस."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

चिंगीने वाटीतला लगदा पुन्हा ढवळून बघितला. रोजच्या हातातलं काम, आणि नेमकी त्यातच तिने माती खाल्ली होती.

संध्याकाळी मामा आला. चूक झाल्याचं बाईंना कळवणार आहे, असं चिंगीने सांगताच तो उडालाच. "वेडी आहेस का? झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या विसरल्यासुद्धा असतील."

"लिहून घेतलंय त्यांनी."

"म्हणून आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

आई एका कवळीची कड घासत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, नीट न बसणारी कवळी माझ्या हातून गेली, तर मी डॉक्टरांच्या फोनची वाट बघते का? आपणहून परत मागवते."

"कवळी वेगळी, उत्तर वेगळं."

"असेल. पण लोकांच्या तोंडात चुकीचं काही ठेवून मला नाही बाई झोप लागत."

दुसऱ्या दिवशी चिंगीने सहा वाट्या मांडल्या. पाणी सहा तऱ्हांचं, गारापासून उकळत्यापर्यंत. नख दाबून वळ उठेनासा झाला की वेळ लिहायची. कोमट पाण्यातलं प्लास्टर सगळ्यांत आधी घट्ट झालं. त्यापुढे पाणी जितकं गरम, तितका उशीर. तिने आकडे पाठवले आणि खाली लिहिलं, 'माझं उत्तर चूक होतं. असं का होतं ते मला अजून माहीत नाही.'

दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. 'मुलाखतीचे गुण आता बदलता येत नाहीत. पण सगळ्या वाट्या सारखाच वेळ ढवळल्या होत्यास का?'

"झालं समाधान?" मामा म्हणाला. पण चिंगी तोवर पाणी तापत ठेवून आली होती. वाट्या तिने हाताला येईल तशा ढवळल्या होत्या! या वेळी प्रत्येक वाटी मोजून अर्धं मिनिट ढवळली. नवे आकडे पाठवले. त्याला उत्तर आलं नाही.

निकालात तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. मामा त्या दिवशी तिच्या आवडीची बिस्किटं घेऊन आला. चिंगीने जवळच्या कॉलेजात नाव घातलं, वह्यांना कव्हरंही घातली. आणि मग महिन्याभराने विद्यापीठाचं पत्र आलं. एक जागा रिकामी झाली होती, ती तिला देत होते.

ते आकडे कुणी विचारात घेतले होते का, हे कधीच कळलं नाही. मामा मात्र शाळेत सांगत सुटला, "आमचं मार्गदर्शन होतं ना!"

आईने हात धुऊन पत्र दोनदा वाचलं. "लांब आहे गं," एवढंच म्हणाली. मग ॲप्रन काढून खुंटीला अडकवला, कामाच्या दिवशी भरदुपारी दाराला कुलूप लावलं, आणि दोघी बॅग घ्यायला बाहेर पडल्या.

दुकानात आईने सगळ्यांत मोठी बॅग पुढे ओढली, चाकं फरशीवर दोनदा फिरवून बघितली.

"आई, एवढी कशाला? माझे कपडे ते किती!"

"कपड्यांचं कोण बोलतंय? पुस्तकं घेशील ना तिथे," आई म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "कडी जरा मजबूत बघून द्या हो. चार वर्षं टिकली पाहिजे."