गाडी जिथे अडली

ड्रायव्हरने पुन्हा सगळे खिसे उलटे केले. टेम्पोची किल्ली कुठेच नव्हती. पलंग, डबे, शिवणयंत्र, सगळं सामान भरून झालं होतं.

"आत्ता तर इथंच ठेवली होती," तो पुटपुटला.

म्हातारी पदराखाली हात घेऊन ओट्यावर बसली होती. शहरात मुलाकडे राहायला जायचं तिने कबूल केलं होतं, म्हणजे नाही-नाही म्हणून ती दमली होती. एकटी कुठे पडलीबिडली तर कोण बघणार, हे मुलाचं म्हणणंही काही चूक नव्हतं.

वस्ती म्हणजे दहा-बारा घरं. नकाशावर ठिपका नाही, सरकारदरबारी नाव नाही. म्हातारीचे आजोबा बिऱ्हाड घेऊन चांगल्या जमिनीच्या शोधात निघाले होते. इथे बैलगाडीचा आस मोडला आणि ते इथलेच झाले. त्या आसाचं लाकूड अजून दारात होतं, एक टोक ओट्याच्या दगडांत रुतवलेलं. वस्तीत नवा माणूस आला की आधी त्यावर बसून पाणी प्यायचा, ही गोष्ट ऐकायचा आणि मगच कुणाच्या घरात जायचा. गोष्ट सांगणारी आता म्हातारीच उरली होती.

"हेही घेऊ. तेवढीच तुला सोबत," म्हणत मुलाने जोर लावून लाकूड उपसलं. दगडांतलं टोक बाहेर आलं आणि तो बघतच राहिला. अर्धा भाग पिचलेला होता, अर्धा मात्र गुळगुळीत.

"आई, हा करवतीने कापलाय."

"हो."

"कोणी?"

"माझ्या आजीनं. दिवस भरत आले होते तिचे. आता थांबू या म्हणून किती विनवलं, पण आजोबा ऐकतील तर शपथ."

"आणि हे कोणालाच माहीत नाही?"

"बायकांना माहीत आहे. पुरुषांचं गोष्टीवर भागतं."

मुलाला हसू आलं. मग त्याची नजर तिच्या पदराकडे गेली. आत मूठ घट्ट आवळलेली दिसत होती.

"साहेब, सीटखालीही नाही," ड्रायव्हर येऊन म्हणाला. "दुसरी किल्ली मागवू का?"

मुलाने लाकूड उचलून ते टोक पुन्हा दगडांत नीट बसवलं.

"नको. बसा इथं, पाणी प्या. मग सामान उतरवू." तो आईकडे वळला. "पाणी आणतेस?"

"तूच आण," म्हातारी म्हणाली. "माझा हात मोकळा नाही."