दगडखाणीतली कपार

आईला जाऊन महिना व्हायचा होता, आणि पक्षीमंडळाच्या वेबसाइटवर तिच्या फोटोंचं श्रद्धांजलीचं पान झळकलं. मुलीनं ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच उघडलं. पहिलाच फोटो बंद पडलेल्या दगडखाणीतल्या शृंगी घुबडाचा होता. कपारीत बसलेली मादी, तिच्या पंखाखालून डोकावणारी दोन पिल्लं. खाली बटण होतं : मूळ फाइल उतरवून घ्या.

तिनं उतरवून घेतली आणि फाइलच्या पोटात काय आहे ते पाहिलं. हे तिला आईनंच शिकवलं होतं. कॅमेरा फोटोच्या आत गुपचूप सगळं टिपून ठेवतो : कधी काढला, कोणी काढला, कुठे काढला. घरट्याचा फोटो कुणाला पाठवायचा तर पिल्लं पळवणाऱ्यांच्या हाती पत्ता लागू नये म्हणून आई आधी त्यातलं ठिकाण पुसायची, भाजी चिरण्याआधी धुवावी तितक्या सवयीनं. मूळ फाइल्स मात्र स्वतःपुरत्या जपून ठेवायची.

ठिकाणावर बोट ठेवताच नकाशा उघडला आणि लाल खूण थेट त्या कपारीवर जाऊन बसली. फोटो काढणाऱ्याच्या जागी आईचं नाव नव्हतं. तिथे मंडळाचं होतं.

तिनं भावाला फोन लावला.

"दादा, मंडळाला काय दिलंस तू?"

"आईची हार्ड डिस्क. सेक्रेटरी स्वतः आले होते घरी. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

"अख्खी दिलीस?"

"मग काय तोडून देऊ? तुला हल्ली सगळ्यातच खोट दिसते गं."

तिनं फोन ठेवला. भांडायला दादा कुठे पळून जात नव्हता.

सेक्रेटरी मंडळाच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोरच बसले होते.

"ये गं. पाहिलंस ना पान? लोक हळहळतायत."

"काका, ते आधी खाली उतरवा. फोटोंत घरट्यांचे पत्ते आहेत."

"अगं, एवढं आत शिरून कोण बघतंय?"

"मी बघितलं. चहाला उकळी यायच्या आत."

"बरं, समितीपुढे ठेवतो. पुढच्या बैठकीत."

"पिल्लं थांबतील का तोवर?"

"तुझं दुःख मी समजू शकतो," सेक्रेटरी आवाज मऊ करून म्हणाले.

"माझं दुःख राहू द्या. फाइलमध्ये मंडळाचं नाव कोणी घातलं?"

"ते होय... सगळ्या फोटोंना एकदमच लावलं. प्रोग्रॅम आहे तसा."

"म्हणजे आत हात घालता येतो तुम्हाला." तिचा आवाज चढला नाही. "आई नाव ठेवायची आणि ठिकाण पुसायची. तुम्ही नाव पुसलंत आणि ठिकाण ठेवलंत. आणि ह्याला श्रद्धांजली म्हणताय."

सेक्रेटरींनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनं वेबसाइटवरून पान काढून टाकलं आणि हार्ड डिस्क पर्समध्ये टाकली.

"किती जणांनी उतरवल्यात फाइल्स?"

"बऱ्याच जणांनी," ते टेबलाकडे बघत म्हणाले.

तशीच ती खाणीवर गेली. आईच्या दुर्बिणीतून पाहिलं. पिल्लं होती, अजून न उडणारी. हायसं वाटतंय तोच पायवाटेनं दोघं आले. एकाच्या खांद्यावर शिडी, दुसऱ्याच्या हातात फोन.

"ताई, घुबडाचं घरटं इथेच ना? नकाशा तर इथेच दाखवतोय."

खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे. आई त्यावरून तिला कायम चिडवायची. तिनं केस कानांवर ओढून घेतले.

"होतं. पिल्लं केव्हाच उडून गेली. जुना फोटो आहे तो."

"जुना कसा? फाइलवर मागच्याच महिन्याची तारीख आहे."

"कोणी काढलाय म्हणून लिहिलंय?"

त्यानं फोनमध्ये पाहिलं. "मंडळानं."

"माझ्या आईनं काढलाय तो. नाव खोटं आहे, मग तारीख खरी कशावरून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काही धरबंधच नाही या लोकांना," शिडीवाला पुटपुटला आणि मागे वळला.

ते पायवाटेच्या वळणाआड जाईपर्यंत ती कपारीकडे पाठ करून उभी राहिली. एकदाही वर पाहिलं नाही.