फांदीवरची कात्री

गुडघा दुखावल्यापासून थोरली झाडाखाली दोर धरून उभी राहायची आणि धाकटी वर चढायची. उंच फांद्यांच्या बेचक्यांत पानं कुजून माती साचते, ती मोजायचं दोघी बहिणींचं काम. पण हल्ली नाव एकट्या धाकटीचं व्हायचं आणि थोरलीच्या पोटात दुखायचं.

आज धाकटी उतरली ती गंजलेली कात्री घेऊनच. "ताई, ही तुझीच ना? वर विसरली होतीस. चार बोटं जाडीच्या मातीखाली सापडली."

"हसून घे," थोरली म्हणाली.

"हसत नाहीये गं. एवढी माती साचायला किती वर्षं लागली, ते आता कळेल. कधी विसरलीस, ते तेवढं सांग. तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?"

थोरलीने पदराने कात्री सावकाश पुसली. सांगायची तिला मुळीच घाई नव्हती.